नानांच्या दुकानाची पायरी

मी शिकवते त्या तीर्थपुरीच्या शाळेत दादा गेल्याचा निरोप आला, तेव्हा रडू येण्याआधी मनात आलं ते एवढंच... नाना सुटला. आज महिना उलटला, तरी नानांवरचा राग निवत नाही.

माझा थोरला भाऊ कबड्डीत चढाईला निघाला की अंबडची बाजारपेठ ओस पडायची. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या त्या अंतिम सामन्याला त्याचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. संघ चालवायचे नाना. त्यांचं कापडाचं दुकान. दादा म्हणाला, "नाना, पाय टेकून न्हाई राह्यला." नाना म्हणाले, "पट्टी बांध अन् उतर. आजच्यापुरतं." सामना जिंकला, ढाल नानांच्या दुकानात लागली आणि दादाचा गुडघा कायमचा गेला. पोरगं सायकलवरून पडलं, असं नानांनी गावभर सांगितलं.

तेव्हापासून दादा रोज सकाळी लंगडत जाऊन त्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. पाय लांब करून गुडघ्याला ओव्याचं तेल चोळत राहायचा. गिऱ्हाइकानं विचारलं की एकच उत्तर, "नानाला इचारा." नाना औरंगाबादला नेऊन इलाज करायला तयार होते, सगळा खर्च त्यांचा. मी दादाच्या हातापाया पडले. दादा म्हणाला, "मंग आधी चारचौघांत खरं बोला म्हणावं." डोळे उघडायच्या आधी त्याचा हात गुडघ्यावर जायचा. एखाद्या दिवशी कमी दुखलं तर तो बेचैन व्हायचा, मुद्दाम लांबच्या वाटेनं दुकान गाठायचा. दुखणं गेलं तर रागही जाईल, याची त्याला धास्ती होती... मला ते वेडेपण वाटायचं. आता वाटत नाही.

दादा गेल्यावर भेटायला आलेले नाना आईला म्हणाले, "सायकलनं घात केला पोराचा." मी उठले आणि कोनाड्यातली तेलाची बाटली पिशवीत टाकली.

परवा रविवारी मी त्या पायरीवर जाऊन बसले. दगडावर तेलाचा काळा डाग आहे. नानांनी तो घासून घेतला म्हणे, पण निघालेला नाही. लुगडं घ्यायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "काय झाल्तं हो बाई तुमच्या भावाला?"

"नानाला इचारा," मी म्हणाले.

कापड मोजता मोजता नानांचा हात थांबला. "सायकल..." म्हणाले, माझ्याकडे बघितलं, आणि तेच कापड पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मी बाटलीचं बूच काढलं. ओव्याचा वास दुकानभर पसरला. मला दर रविवारी सुट्टी असते.