कूलरमधले कडू दूध

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात आजही सांगतात, की डेअरीत दूध गार ठेवणाऱ्या कूलरच्या राखणीला बसणाऱ्या माझ्या पुतण्याला झोप लागली, यंत्र बंद पडले आणि डेअरीचे दूध नासले. हे साफ खोटे आहे. दूध तपासण्यात माझी हयात गेली, आणि त्या सकाळी ते दूध मी स्वतः चाखले. यंत्र बंद पडून उबेने नासलेले दूध आंबट लागते. हे कडू होते.

यात्रेच्या गर्दीमुळे दूध न्यायला येणारा टँकर चार दिवस गावात शिरला नाही. डेअरीच्या चेअरमननी कूलरमधल्या जुन्या दुधावरच रोजचे ताजे दूध ओतायला लावले, कारण थंडीत जंतू वाढत नाहीत अशी त्यांची ठाम समजूत. दूध नासल्यावर झालेल्या सभेत मी उभा राहून सांगितले, की जंतूचे आवरण स्निग्ध असते. हिवाळ्यात तूप थिजते, पण करडईचे तेल वाहते राहते. काही जंतू थंडी लागताच आपले आवरण तेलासारखे पातळ करून घेतात आणि वाढतच राहतात. दूध कडू केले ते त्यांनी.

"म्हंजी जंतूंनी सोयटर घातलं म्हणा की, तात्या!" चेअरमन म्हणाले. सभा हसली. पुतण्याची नोकरी गेली.

परवा मी त्याला पुन्हा म्हणालो, चल, वर तक्रार करू. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"आवं तात्या, जाऊ द्या. डोळा लागला आसंल माजा. आता मलाबी तसंच आठवतंय."

त्याच्याशी मात्र मला भांडता आले नाही.