दोन इंच आखूड विजार

वाचनालयाच्या फळ्यापुढे रेंगाळणाऱ्या मंडळींनो, आज सकाळी माझी नवी विजार डाव्या पायात दोन इंच आखूड निघाली आणि मला भलताच अभिमान वाटला.

माझा डावा पाय लहानपणी मोडला, तेव्हापासून तो दोन इंच मागेच राहिला होता. गेल्या वर्षी धाकट्या भावाने जर्मनीला बोलावून घेतलं. तिथे मांडीचं हाड कापून बाहेरून पोलादी दांडी बसवली. तिचा स्क्रू रोज आपल्याच हाताने फिरवायचा, म्हणजे हाड मिलिमीटरभर सरकतं आणि मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. कळ आली की मी शाळेत शिकवतो ती संस्कृतची शब्दरूपं पुटपुटायचो. नर्सबाईंना वाटे, माणूस फार भाविक आहे. नवं हाड भार घेईल का, ही धास्ती मात्र शेवटपर्यंत होती.

जर्मनीला निघताना आपले सोपानमामा शिंपी म्हणाले होते, "गुरुजी, हाड म्हंजी काय कापड हाय व्हय, जोड देऊन वाढवायला?"

काल दौंडला उतरून शिरूरला आलो. मामांनी स्वागताला विजार शिवून ठेवली होती. आज ती घालून, काठीशिवाय, त्यांच्या दुकानापर्यंत चालत गेलो.

"जुन्याच मापानं शिवलीत. विश्वास नव्हता म्हणा की!"

मामा खाली बसून पुन्हा पुन्हा टेप लावत राहिले. "न्हवता गुरुजी. आना, दुमड सोडून देतो."

मी सोडू दिली नाही. मग त्यांनी वही काढली. इतकी वर्षं माझ्या नावापुढे दोन पायांची दोन मापं होती. ती खोडून त्यांनी एकच आकडा लिहिला.

उद्या हीच विजार घालून शाळेत येतोय. कोण कोण हसणार, ते आत्ताच सांगून ठेवा.