जळक्या टेकडीवरची गाय

टेकडी जळली त्या उन्हाळ्यात मी अमडापूरच्या वाटेवरच्या एका गावात मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. महाराष्ट्र राज्य नवं होतं, शाळाही नवीच. व्हरांड्यातून समोर टेकडी दिसायची, पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळी. गाव तिच्याकडे बघून हळहळे. मला मात्र एकच प्रश्न पडला होता: एवढ्या मोठ्या पाटीवर काही काढलं, तर ते गावातून ओळखू येईल का?

मला चित्र येत नाही. हात चालणारी बाई शेजारीच राहत होती. तिला मी वहिनी म्हणे. सणाला अख्ख्या आळीच्या अंगणात रांगोळी तीच काढायची. पण टेकडी जळाल्यापासून तिला कोणी बोलावत नव्हतं. तिच्या नवऱ्याने शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत पेटवलं, वारा फिरला आणि जाळ टेकडीवर चढला. तिथलं गवत साऱ्या गावाचं. गुरांचा चारा आणि छपरांची शाकारणी त्यावरच चाले. नवरा पारावर भांडून आला आणि मोकळा झाला. वहिनीला कोणी शिव्या दिल्या नाहीत. ती विहिरीवर गेली की बायका गप्प व्हायच्या, एवढंच. मग ती भर दुपारी, कोणी नसताना पाण्याला जाऊ लागली.

टेकडीवर काही काढशील का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मले काऊन विचारता बाई? लोक म्हणतीन, जाळलं ते जाळलं, अन् वरतून नक्षी काढून राह्यली."

"लोक तसेही बोलत नाहीत."

ती थोडी हसली. तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाली, "मंग गाय काढू. गवत तिचंच गेलं."

मी सामान लिहून काढलं: तुरीच्या काड्यांचे खराटे, खुरपी, सुतळी, खुंट्या, भिंतींना पोतेरा द्यायची पांढरी माती. राख झाडायची, खालचा मुरूम उघडा पडला की त्यावर पांढरी माती टाकायची, अशी पद्धत ठरली. राख पिठासारखी उडे आणि आम्ही शिंकून बेजार होऊ. पण जवळून बघण्यासारखं पुष्कळ होतं. खराटा फिरला की खाली मुंग्यांची वाट नेहमीसारखी चालू. गवताचा एक गड्डा फोडला, तर आत पांढरा आणि ओला. वहिनीने तो नखाने खरवडून पाहिला आणि परत मातीत दाबला. नंतर तिने एकाही गड्ड्याला खुरपं लागू दिलं नाही. गायीची रेघ त्यांना वळसे घालत गेली.

ठिपके अंगणातल्यासारखेच, सुतळीने मोजून सारख्या अंतरावर टाकले होते. वरून गाय सुरेख दिसली. संध्याकाळी शाळेसमोर येऊन पाहिलं, तर गायीचे पाय जवळपास दिसतच नव्हते.

पाणी घेऊन येणाऱ्या बायका थांबल्या.

"घोरपड आहे का वं ते?" एकीने दुसरीला विचारलं.

"घोरपडीले शिंगं असतेत का?"

"मंग म्हैस असंन. कोणी तरी वर बसलं तिच्या."

वहिनी खाली मान घालून घरी गेली.

मला कारण हवं होतं. शाळेतल्या एका पाटीवर कशीबशी गाय काढली. पाटी उभी धरली की गाय नीट दिसे, मागे झुकवत नेली की चपटत जाई. तशीच पाटी घेऊन वहिनीकडे गेले. तिला म्हटलं, अंगणातली रांगोळी आपण वरून बघतो, टेकडी मात्र समोरून, मागे झुकलेली. तिने पाटी स्वतः झुकवून पाहिली.

"म्हणजे पाय उंटासारखे पाहिजेत."

"उंटाहून लांब."

किती लांब, हे वर उभं राहून कळणार नव्हतं. म्हणून ती वर गेली आणि पाय कुठवर न्यायचे त्याची खूण म्हणून मी व्हरांड्यातून लाल फडकं हलवू लागले. बायका पुन्हा जमल्या. थोड्याच वेळात एकीने फडकं माझ्या हातातून घेतलं. "बाई, तुम्हाले गाईतलं काय कळते?" मग पायांवरून त्यांच्यातच वाद लागला आणि फडकं हातोहाती फिरलं. ज्या वहिनीशी बोलत नव्हत्या, तिलाच आता खुणा करत होत्या.

एक म्हातारी मात्र बाजूला उभी होती. तिच्या छपराला यंदा शाकारणी मिळणार नव्हती. ती टेकडीकडे चालू लागली. मला धास्ती वाटली, मीही मागोमाग गेले.

वर पोचल्यावर तिने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "कास कुठं आहे वं? अशी भाकड गाय गावासमोर कायले ठेवतं?"

वहिनीने खुरपं पुढे केलं. म्हातारीने ते घेतलं नाही. खाली बसली आणि हाताने राख सारून कास काढू लागली. काढून झाल्यावर म्हणाली, "पाणी आणलं का?"

वहिनीने मडक्यातून पेला भरून दिला. म्हातारी प्याली आणि अजून मागितलं.

"गार आहे. मडकं कुठलं?"

"अमडापूरच्या बाजारातलं," वहिनी म्हणाली. मग कोणत्या कुंभाराकडचं, वाजवून कसं पारखलं, पहिलं घेतलेलं कसं झिरपत होतं, तेही सांगू लागली. इतकं कोणी विचारलं नव्हतं. म्हातारी रिकामा पेला हातात धरून ऐकत राहिली.