मोबाईलचा डबा

परचुरेबाईंकडे गेलं की आधी मोबाईल काढून द्यावा लागे. पेशंटचा नव्हे, त्याच्या आईबापाचा. पोळ्या ठेवतात तसला मोठा स्टीलचा डबा टेबलावर असायचा. सगळ्यांचे मोबाईल त्यात जायचे, वर झाकण बसायचं आणि मग अर्धा तास तो डबा आतल्या आत थरथरत राहायचा. बाई त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "तुमच्यावाचून जग अडलंय खरं. अडू द्या."

सिंहगड रोडवरच्या एका दवाखान्यात बाई मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर होत्या. ज्या मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, त्यांच्या कपाळाला पट्टी चिकटवायची, तिच्यातून मुंगी चालल्यासारखा बारीक करंट सोडायचा आणि फरक पडतो का ते बघायचं, असा त्यांचा अभ्यास चालला होता. माझा प्रणय तेव्हा तिसरीत. शाळेनं सांगितलं होतं, या वर्षात पोरगा बाकावर टिकला नाही तर दुसरी शाळा बघा. मी स्वतः सातवीत शाळा सोडलेली, वाशीमकडून धायरीत येऊन मेसमध्ये पोळ्या लाटणारी. शाळा एकदा सुटली की पुढं काय होतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पोराच्या डोक्याले करंट लावतं काय वं? येडं करशीन त्याले." मी घाबरत घाबरत ते बाईंच्या कानावर घातलं. बाईंनी काही समजावलं नाही. एक पट्टी स्वतःच्या कपाळाला लावली, बटण दाबलं आणि चहा प्यायला बसल्या. कप संपल्यावर म्हणाल्या, "साखर जास्त झालीये. बाकी ठीक. आणा त्याला."

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या पालकांना बसवून सांगितलं, की निम्म्या पट्ट्यांत करंट असेल. उरलेल्या निम्म्यांत सुरुवातीला जराशा मुंग्या येतील, मग करंट बंद होईल, पट्टीवरचा दिवा तेवढा चालू राहील. कोणती पट्टी कुणाला, ते शेवटपर्यंत त्यांनाही कळणार नव्हतं. शिवाय रोज अर्धा तास, पट्टी चालू असेपर्यंत, पालकानं मुलाशेजारी बसायचं आणि ते जे वाचतंय, लिहितंय तेच बघायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. नुसत्या दिव्याची पट्टी शेजारच्याच्या पोराला आहे, याविषयी कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

आमच्यात एक बंडूशेठ होते, बिल्डर. मोबाईल डब्यात गेला की त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. एकदा ते हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्याला करंट जरा वाढवून द्या की. वरचं काय असंल ते बघू आपण."

"अहो, मुलगा आहे तो. गीझर नाही."

तरी महिन्याभरात बंडूशेठच सगळ्यांना सांगू लागले, "फरक हाय बरं का. परवा एका जागी बसून जेवला." मी मनात म्हणायचे, प्रणय तर आता धडा संपेपर्यंत उठत नाही. शाळेतल्या बाईंनीही एकदा मला थांबवून तसं सांगितलं. कपाळावरच्या त्या पट्टीला मी मनातल्या मनात हात जोडायचे.

मग निकाल आला. खऱ्या पट्टीच्या मुलांना जेवढा फरक पडला होता, तेवढाच खोट्या पट्टीच्या मुलांना. बंडूशेठच्या मुलाला खोटी होती.

"मग आता खरी लावा की," बंडूशेठ म्हणाले.

"खरीनंही तेवढंच होतं, शेठ."

"मग दोन्ही लावा."

प्रणयलाही खोटीच होती. सगळे गेल्यावर मी बाईंसमोर उभी राहिले. "बाई, पट्टी खोटी, मंग याचं बसनंही खोटंच झालं ना? उद्या पुन्हा उठलं तर?"

"रेखाताई, मुलगा बसतोय का?"

"बसते."

"मग त्याला उठवायला कशाला आलात?"

"पन कशानं बसते मंग?"

"ते कळलं असतं तर मी पट्ट्या चिकटवत बसले असते का?" बाईंनी चष्मा पुसला. "तुम्ही मात्र रोज अर्धा तास त्याच्याशेजारी बसत होतात. ते बंद करून बघू नका."

दवाखान्याच्या मालकांची पंचाईत वेगळीच होती. 'पट्टी लावा, एकाग्रता वाढवा' असा बोर्ड निकालाआधीच छापून आला होता. बाई म्हणाल्या, "वाढत नाही." मालक म्हणाले, "पण बोर्ड चांगला झालाय." बोर्ड राहिला, बाई गेल्या. आता लोणी काळभोरला छोट्या दवाखान्यात बसतात म्हणे. मला दोन बस बदलून तिथं जाणं जमलेलं नाही. निघायच्या दिवशी त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "तुमच्या कामाचा आहे."

मी त्यात पोळ्या ठेवत नाही. प्रणय चौथीत गेला, त्याच शाळेत. संध्याकाळी तो स्वतः माझा मोबाईल उचलून डब्यात टाकतो, झाकण लावतो आणि वाचायला बसतो. मी शेजारी. माझं मन कधी उद्याच्या कणकेत जातं, कधी वाशीमला. काल असंच चाललं असताना त्यानं पान उलटलं आणि मान वर न करता म्हणाला, "आई, पाय हलवू नको."