बाहेरच्या खोलीतलं हसणं

ऑफिसात तिला चाळणीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, कारण ते रूपावरून नाही, कामावरून पडलेलं नाव होतं. टीव्ही कंपनीच्या प्रेक्षक विभागात तिनं एकतीस वर्षं एकच काम केलं. लोकांनी पाठवलेलं वाचायचं आणि चार ढिगांत घालायचं: तक्रार, कौतुक, सूचना आणि वेडगळ. आधी पोत्यांनी पत्रं यायची, आता मजकूर पडद्यावर येतो, एवढाच फरक. दर शुक्रवारी चारही ढिगांचा एक पानी गोषवारा साहेबांच्या टेबलावर जायचा. त्या पानावर मालिका तरायच्या आणि बुडायच्या, पण चाळणीबाईनं त्यात स्वतःच्या पदरचं एक अक्षर कधी घातलं नव्हतं.

त्या सोमवारी मात्र चाळणी तुंबली. 'भाडेकरू नंबर सात' ही मालिका पंधरा वर्षांनी परत सुरू झाली होती. तोच कुरकुऱ्या घरमालक, तोच भाडं बुडवणारा भाडेकरू, दोघांचेही केस आता कलप लावलेले. सगळं होतं तसं होतं, फक्त हसणं नव्हतं. पूर्वी ही मालिका दीडशे माणसांसमोर व्हायची आणि त्यांचं हसणं विनोदाच्या मागोमाग घराघरांत ऐकू यायचं. नव्या दिग्दर्शकानं ते काढून टाकलं. त्याचं म्हणणं, कुठे हसायचं ते आजच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

लोकांनी त्याला चांगलंच धुतलं. एकानं लिहिलं, विनोद संपला की वीज गेली तेच कळत नाही. एकीची सासू पहिला भाग बघता बघता विचारत होती की मेलंय तरी कोण. एका शिक्षकानं लिहिलं की पूर्वी माझ्याबरोबर दीडशे लोक हसायचे, आता मी आणि भिंत, आणि भिंतीला विनोद कळत नाही. काहींनी पाठही थोपटली, बरं झालं, आम्हाला काय कुक्कुली बाळं समजत होता. पण असे लोक चवीपुरत्या मिठाएवढेच. चाळणीबाई वाचत होती आणि एरवी जे करत नसे ते करत होती. प्रत्येक तक्रारीला मान डोलवत होती.

कारण तिच्या घरचीही तीच गत होती. नवरा वजनकाटे तपासणारा निरीक्षक. चौतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन मापं तपासली, कुणाचा मिंधा झाला नाही, आणि आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. बोलका तो कधीच नव्हता, पण आता तर तोंडात गुळणी धरल्यासारखा. जेवायला वाढलं की जेवायचा, विचारलं की हूं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तब्येत ठणठणीत आहे, मन रमवा. मन काय मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तसं रमवता येतं? घरात दोघंच. मूलबाळ झालं नाही, आणि त्याचं दुःख दोघांनी आपापलं वेगवेगळं केलं. पुढच्या वर्षी तीही निवृत्त होणार होती. मग या खुर्चीसमोर दिवसाचे चोवीस तास कसे काढायचे?

एकच आशा होती. या माणसाला हसता येतं, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. अकरा वर्षं, रोज साडेआठला, तो 'भाडेकरू' लावायचा, तेही आवाज मोठा करून. ती तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासत असायची. दारातून बघितलं तर उंच पाठीच्या खुर्चीवर त्याचं डोकं तेवढं दिसायचं. पण हसणं ऐकू यायचं. दीडशे लोक हसायचे आणि त्यांत एक तिच्या माणसाचं असायचं, जड, पोटातून येणारं, सगळ्यांच्या मागून सुरू होणारं आणि सगळ्यांच्या शेवटी थांबणारं. विनोद उशिरा कळतो आमच्या साहेबांना, असं म्हणून ती आतल्या आत हसायची. दिवसभरात चार शब्द बोलला नाही तरी त्या अर्ध्या तासावर तिचं भागायचं. मालिका बंद झाली आणि ते हसणंही थांबलं. मालिका परत येणार असं ऑफिसात कळलं त्या दिवशी ती नवी साडी घेतल्यासारखी घरी आली होती.

आणि पहिल्या दिवशी साडेआठला ती नळ बारीक करून कान देऊन उभी राहिली. घरमालक बोलला, भाडेकरू बोलला, मग काहीच नाही. पुन्हा दोघं बोलले, पुन्हा काहीच नाही. खुर्चीवरचं डोकं हललं नाही. अर्धा तास झाला, टीव्ही बंद झाला. तिला वाटलं, त्याचं तरी काय चुकलं? एकट्यानं हसायला माणसाला लाज वाटते. दीडशे जणांची सोबत काढून घेतली आणि माझा माणूस गप्प झाला. राग तिला दिग्दर्शकाचा आला.

मग तिनं एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. त्या शुक्रवारी आणि पुढच्या तीन शुक्रवारी तिनं काटा मारला. 'ठीक आहे, पण पूर्वीची मजा नाही' असं कुणी लिहिलं की तक्रार. 'घरमालक म्हातारा दिसतो' असं लिहिलं तरी तक्रार, तीही हसण्याच्याच खात्यात. कौतुकाचे दोन मजकूर तर तिनं सरळ वेडगळमध्ये लोटले. जो माणूस जन्मभर खोटी मापं पकडत आला, त्याच्या बायकोनं हे करावं याची तिला शरम वाटली. पण शरमेनं खुर्चीतला माणूस हसणार नव्हता.

साहेबांनी गोषवारे वाचले आणि बघू म्हणाले. बघूचा अर्थ तिला माहीत होता. तिला धीर नव्हता, म्हणून ती तळमजल्यावर आवाजाच्या खोलीत गेली. तिथला जुना कारागीर सगळ्यांचा कानसेन. बंद पडलेल्या मालिकेचं सगळं हसणं त्यानं जपून ठेवलं होतं, तेही नावं घालून: पोटभर, गालातल्या गालात, बायकांचं, उशिरा कळलेलं. नव्या मालिकेच्या एका भागाला हे जुनं हसणं लावून दे, अशी गळ तिनं घातली. घरच्यासाठी हवंय, एवढंच सांगितलं. त्यानं जेवणाच्या सुट्टीत चार दिवस बसून काम केलं आणि म्हणाला की भाग भिकार आहे, पण आता कुणाला कळणार नाही.

रविवारी दुपारी तिनं तो भाग टीव्हीवर लावला. नवऱ्याला म्हणाली, बघा, आज वेगळा आहे. तो हूं म्हणाला. ती सवयीनं आत गेली, नळ सोडला आणि घरमालकाचं पहिलं वाक्य संपताच बाहेरची खोली हसली. सगळी हसली. आणि त्यांच्या मागून, उशिरा, जड, पोटातून, ते आलं. तिचे हात साबणात तसेच राहिले. डोळे भरून आले. पंधरा वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते दहा पावलांवर होतं, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, आत उभं राहून ऐकायचं कशाला, त्याच्याबरोबर हसावं. ओल्या हातांनीच ती बाहेर आली, खुर्चीला वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहिली.

तो टीव्हीकडे बघत होता, दुकानात काट्याकडे बघायचा तसा. भाडेकरू काहीतरी बोलला. दीडशे लोक हसले. मग ते शेवटचं जड हसणं आलं, रेंगाळलं, थांबलं. तिच्या नवऱ्याचे ओठ मिटलेले होते.

ती टीव्हीच्या आड आली होती, म्हणून त्यानं मान जराशी कलती केली. पुढचा विनोद झाला. पुन्हा तो माणूस टीव्हीच्या आतून हसला. तिनं टीव्ही बंद केला.

"तुम्ही हसत का नाही?" तिनं विचारलं.

"मी?"

"पूर्वी हसायचात. हेच बघताना. मी आतून ऐकायची, रोज."

त्यानं थोडा विचार केला. विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायची त्याला नोकरीपासूनची सवय होती. "ते त्यांचे लोक हसायचे," तो म्हणाला. "मला नाही कधी हसू आलं त्याचं."

"मग लावायचात कशाला? तेही एवढ्या मोठ्यानं?"

"आवाज असला की बोलावं लागत नसे."

तो रागानं बोलला नाही, दुखवायला तर नाहीच. माप सांगितल्यासारखं सांगितलं, इतके कमी भरतात. मग तिच्या हातांकडे बघून म्हणाला की फरशी ओली होतेय, आणि ती आत गेली.

त्या दिवशी भांडी घासून झाल्यावरही ती आतच बसली. लग्नापासूनची एकेक आठवण काढून ती त्याचं हसणं शोधत होती. लग्नाचा फोटो, त्यात ओठ मिटलेले. पहिलं घर घेतलं तो दिवस. ती जिन्यावरून घसरली आणि सगळे हसले तेव्हा. तेव्हा तर तो मुकाट्यानं हात द्यायला आला होता. चांगला माणूस, कुणीही सांगेल. पण हसणं सापडेना. जे एक सापडायचं ते त्या मालिकेतलं होतं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं निघालं.

सोमवारी ती आधी तळमजल्यावर गेली. कानसेनला विचारलं की सगळ्यांच्या शेवटी हसतो तो कोण.

"उशिरा कळलेलं?" त्यानं खांदे उडवले. "असेल कुणीतरी. पास काढून आलेला. एकाच दिवशी आला होता, पण हसणं इतकं झकास की मी अकरा वर्षं तेच वापरलं."

म्हणजे अकरा वर्षं तिनं ज्याच्यावर संसार केला, तो माणूस एकदा संध्याकाळी येऊन खुर्चीत बसून गेला होता. ती जिना चढून वर आली तेव्हा तिच्या टेबलाभोवती घोळका जमला होता. साहेब स्वतः उभे होते. गोषवारे वरपर्यंत पोचले होते, एवढ्या तक्रारी कुठल्याच मालिकेला आल्या नव्हत्या, आणि वरून हुकूम सुटला होता की पुढच्या महिन्यापासून हसणं परत आणा. साहेब म्हणाले, बाई, हे तुमच्यामुळे झालं. कुणीतरी तिच्यासाठी चहा आणला. तिनं तो घेतला. काटा मारला होता हे सांगावं असं एकदा ओठांवर आलं, पण कुणासाठी सांगायचं, असं वाटून तिनं चहाचा घोट घेतला.

तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर पाठवायचं काम तिलाच दिलं. मजकूर ठरलेला होता, खाली नाव घालायचं आणि सोडायचं. दुपारपर्यंत तिनं दोनशे उत्तरं पाठवली. मग एका बाईंचा नवाच मजकूर आला. त्यांनी लिहिलं होतं: 'तुमची मालिका म्हणजे आमच्या घरचा आनंद होता. आमचे हे एरवी अबोल. पण मी आत कामात असताना बाहेरून यांचं हसणं ऐकू यायचं. आता ते हसत नाहीत. तुमच्या पाया पडते, ते हसणं परत आणा.'

चाळणीबाईनं ते तीनदा वाचलं. मग उत्तरात लिहिलं, 'बाई, एकदा बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहा.' लिहून ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. तिकडे ती बाई रोज साडेआठला नळ बारीक करून कान देऊन उभी असेल. तिच्याकडे दुसरं काय असेल?

तिनं ओळ खोडली आणि ठरलेला मजकूर घातला: 'आपलं हसणं पुढच्या महिन्यापासून परत येत आहे. सहकुटुंब पाहत राहा.' खाली बाईंचं नाव नीट तपासून घातलं, उत्तर सोडलं, आणि पुढचा मजकूर उघडला.