आईच्या पिंडाला कावळा शिवेना

आई गेली तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी दमले होते. दोन वर्षं ती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. नवरा सिन्नरला कारखान्यात. त्याला तिथे एकटं टाकून, लेकीला घेऊन मी मखमलाबादला माहेरी येऊन राहिले होते. देवीवर तर माझा रागच होता. जिने जन्मभर तुझं केलं तिला असं कुजवायचं? काय गं हा तुझा न्याय, असं मी तिच्या तसबिरीला रोज विचारायचे.

आणि आईने केलंच होतं तसं. नव्वद साली वडील गेले तेव्हापासून झेंडूचं शेत तिनेच ओढलं. मार्केटला माल जाण्याआधी पहिली ओंजळ देवीची. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून नातवंडांना फुलांपाशी नाक न्यायची बंदी. एकदा माझ्या लेकीने एक टपोरं फूल हुंगलंच. मी हात उगारला, तर आई म्हणाली, "मारू नको गं. ते देवीनं तिलाच दिलंय असं समज." आणि ते तिच्या वेणीत खोवून मोकळी झाली.

दहाव्याला गंगाघाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून मान वाकडी करून नुसता बघत राहिला. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात, म्हणून जो तो आईला शब्द देऊ लागला. भाऊ म्हणाला, शेत विकणार नाही. वहिनी म्हणाली, देवीची फुलं चुकवणार नाही. माझ्या लेकीचं लग्नही भावाने अंगावर घेतलं. छे! कावळा ढिम्म. ऊन डोक्यावर आलं तसे गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ." एवढं भोगून, आता जातानाही हिचा जीव अडकलाच म्हणायचा?

शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा चालला होता. त्यातली एक म्हातारी उठून माझ्यापाशी आली.

"आईचं कुनी केलं?"

"मी."

"मग तूच का गं गप?"

"मावशी, बोलायचंही त्राण नाही हो."

"लय दमलीस. मग त्येच सांग ना तिला. आई हाय ती."

मी हात जोडले. "आई, मी दमले गं," एवढं म्हणाले आणि इतक्या दिवसांचा हुंदका फुटला. "आता घरी जाते, झोपते. माझी काळजी करू नको. जा तू." डोळे पुसतेय तोच भाऊ ओरडला, "शिवला, शिवला!"

वळून पाहिलं तर म्हातारी आणि तिची माणसं आटपून निघून गेली होती. ती कोण, कुठली, मला आजही ठाऊक नाही. कुणी म्हणेल, कावळ्याला भूक लागली असेल. असेल बापडी, मला वाद घालायचा नाही. शेत, फुलं, लग्न हे सारं आई कधीच देवीवर सोडून बसली होती. दोन वर्षं मला वाटत होतं की मीच तिला सांभाळतेय, आणि तिला पडल्या पडल्या माझाच घोर लागला होता.

देवीवरचा राग कधी गेला, कळलंही नाही. आता तिच्यापुढे उभी राहते तेव्हा जाब विचारत नाही, कसला शब्दही देत नाही. दमले असले तर दमले म्हणते. तेवढं तिला पुरतं.