चार दांड्या आणि सिस्टर

सिस्टर कुणाशी गोड बोलल्याचं बेंबळीत कुणाला आठवत नाही. गावच्या दवाखान्यातल्या त्या नर्स. लेकरू रडलं की आईला झापायच्या, आई रडली की नवऱ्याला. मला तर त्या उभ्या उभ्या सोलायच्या, आणि मीही त्यांचा मनापासून राग राग करायचो.

पुण्यातली नोकरी सुटल्यावर मी गावात बसून नेटवर्क तपासणारं ॲप बनवत होतो. फोनला रेंज किती, याची दर दहा मिनिटांनी नोंद व्हायची. सिस्टरांनी ते स्वतःच्या फोनात टाकून घेतलं आणि चौथ्या दिवशी दारात येऊन भांडल्या.

“काल राधाला कळा सुटल्या, ॲम्ब्युलन्सला फोन लागंना. टमटममधी घालून धाराशिवला नेली पोरीला. अन् तुझं ॲप म्हणतंय रेंज फुल!”

“चार दांड्या होत्याच की, सिस्टर. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“मला नाडी कळती. अंग गरम हाय म्हणून माणूस जिता न्हाय धरत मी.”

झोंबलं, पण खरं होतं. ॲप मोडून पुन्हा लिहिलं. आता ते दांड्या न मोजता थोडी माहिती खरोखर पाठवून बघायचं. पोचली नाही की वेळ टिपायचं. सिस्टरांनी दमदाटी करून बारा आशाताईंच्या फोनात ते घातलं. बॅटरी लवकर उतरते, अशी कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, “चार्जिंग लाव, तोंड न्हाय.”

ग्रामसभेत टॉवर कंपनीचा साहेब आला. म्हणाला, तुमचे फोनच जुने आहेत. सिस्टरांनी बारा फोनांमधल्या नोंदींचे कागद त्याच्यापुढं आपटले. “लाइट गेली की अर्ध्या तासात तुमचा टॉवर मरतोय. रोज. बारा फोन खोटे अन् तुमी एकटे खरे?”

“बाई, तुमचं काम सुया टोचायचं.”

“तेच करतेय.”

टॉवरला नव्या बॅटऱ्या यायच्या आधीच सिस्टरांची भूमला बदली झाली. निरोप समारंभ कुणी केला नाही. एसटीत चढताना मला म्हणाल्या, “लई हळू उघडतंय तुझं ॲप. लाज वाटू दे जरा.”

दोन महिन्यांनी गावात लाइट नसताना एका बाईला कळा सुटल्या. माझ्या मोबाइलवरून ॲम्ब्युलन्सला पहिल्याच झटक्यात फोन लागला. मी ताबडतोब भूमला फोन केला.

“सिस्टर, फोन लागला!”

“मग ठेव की खाली. ॲम्ब्युलन्सवाले वाट इचारायला तुला फोन करतील, लाइन मोकळी नको?”